गुलाबभाऊंचा आडोसा

गुलाबभाऊंचा मला हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढं मी त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द बोलेन आणि लोकांना वाटेल, बाई काय मोकळ्या मनाची आहे. मी मोकळ्या मनाची वगैरे नाही. गुलाबभाऊंच्या बाबतीत तर मुळीच नाही.

मी जळगावच्या एका सार्वजनिक तलावावर पोहायला शिकवते. तलाव म्हणजे आपला निळ्या फरशीचा, उन्हाळ्यात तिकीट काढून पोहायचा तलाव. महिलांची बॅच माझी आणि लहान मुलांचीही माझीच. गळ्यात शिट्टी, अंगात ट्रॅकसूट आणि आवाज असा की बाहेर रस्त्यावरचा रिक्षावालाही चपापून बघतो. शहरातली किती मुलं माझ्या हातावर तरंगायला शिकली याचा काही हिशेब नाही. पण आजही एखादी बाई लेकराचा हात धरून येते आणि मलाच विचारते, “मॅडम, ते मंडपवाले काका कुठं उभे राहायचे हो?” मी पंपाच्या खोलीलगतचा कोपरा दाखवते. ती त्या कोपऱ्याकडं देवळात बघावं तशी बघते. माझ्याकडं तसं आजवर कुणी बघितलेलं नाही.

गुलाबभाऊ धरणगावचे. लग्नाकार्याला मंडप घालून द्यायचा त्यांचा धंदा. माणूस बुटका, आडव्या अंगाचा, पोट जरा सुटलेलं, पण दंड दोऱ्या ओढून ओढून कडक झालेले. कुठंही गेले की आधी वर बघायचे. दोरी कुठं बांधता येईल, बांबू कुठं टेकेल, वारा कुठून येतो. मग जवळच्या खांबाला किंवा भिंतीला तळहातानं थाप मारायची आणि स्वतःशीच म्हणायचं, “पक्का शे,” म्हणजे पक्का आहे. माणसांचंही तेच. ओळख झाली की समोरच्याच्या खांद्यावर थाप पडलीच. मला बाई म्हणून थाप मारली नाही एवढंच, पण पायापासून डोक्यापर्यंत बघून कमलबाईंना म्हणाले, “ताई पक्क्या शेतस.” मला आलेला राग मी शिट्टी वाजवून काढला.

शर्टाच्या खिशात भाजलेल्या बडीशेपेची डबी कायम. वाद घालायची वेळ आली की हे आधी डबी पुढं करणार. समोरचा माणूस बडीशेप चावायला लागला की त्याला ओरडता येत नाही, हे त्यांनी कधीतरी ओळखलं असावं. स्वतः मात्र ते चावता चावताही बोलायचे. आणि बोलणं सगळं लग्नांचं. कुठल्या गावचा नवरदेव घोड्यावरून पडला, कुठं वरातीत बँडवाल्यांचीच भांडणं लागली, कुठं वाऱ्यानं मंडप उडून शेजारच्या शेतात गेला आणि वऱ्हाडी पंगत सोडून मंडपामागं धावले. यातलं निम्मं खोटं होतं अशी माझी खात्री आहे.

ते पहिल्यांदा आले ते पोरीला पाठीवर घेऊन. वैशू तेव्हा तेरा-चौदा वर्षांची असेल. जन्मापासून पायांत जोर नाही. डोकं तल्लख आणि जीभ त्याहून. “डॉक्टरनी सांगं, पोरले पानीमा उतारा, पाय हालतीन,” असं गुलाबभाऊंनी आल्या आल्या तिकीट खिडकीपासून माझ्यापर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं. ऐन लगीनसराईत धंदा बायकोवर सोडून ते आले होते. बायकोची पाठ दुखरी, तिला पोरगी उचलत नव्हती. पण कामगारांना कामाला कसं लावायचं हे तिला नवऱ्यापेक्षा जास्त कळायचं, असं ते अभिमानानं सांगायचे. मध्येच तिचा फोन यायचा. मग गुलाबभाऊ फोन कानापासून हातभर लांब धरून उभे राहायचे आणि तिचं बोलणं आम्हाला सगळ्यांना ऐकू यायचं.

आमच्या तलावाला दोन दारं. एकावर ‘पुरुष’, एकावर ‘महिला’. कपडे बदलायच्या जागा त्या त्या दाराच्या आत. गुलाबभाऊ दोन्ही दारांच्या मधोमध पोरीला घेऊन उभे राहिले आणि एकदा इकडं, एकदा तिकडं बघायला लागले.

पुरुषांच्या बाजूला आडपडदा म्हणून काही नव्हताच. एक लांब ओटा आणि भिंतीला खुंट्या. वैशू म्हणाली, “पप्पा, तिकडं नाही.” महिलांच्या बाजूला खोल्या होत्या, पण गुलाबभाऊंनी उंबऱ्यावर पाऊल ठेवलं तोच आतून ओरडा झाला. मग कमलबाई पुढं झाल्या. महिलांच्या बाजूची देखरेख त्यांच्याकडं असते. त्यांनी पदर खोचला, पोरीला उचललं, आणि ओल्या फरशीवर दोघी अशा घसरल्या की दाराची चौकट हाताशी लागली म्हणून वाचल्या. वैशूनं जी किंकाळी फोडली ती पोहणाऱ्यांनी पाण्यात ऐकली. त्यानंतर बापाशिवाय कुणाच्याही हातावर जायला ती तयार होईना.

खरंतर तिला फार काही नको होतं. पोहण्याचा पोशाख तिनं घरूनच फ्रॉकखाली घातला होता. परत येताना ओले कपडे बदलणंही तिचं तिला जमत होतं, बसून, वेळ लावून. फक्त बाकापर्यंत उचलून नेणारा एक माणूस हवा होता, आणि तो बाजूला झाल्यावर कुणाची नजर पडणार नाही अशी एक जागा. माणूस होता. जागा नव्हती.

त्या दिवशी ती पाण्याला हात न लावता परत गेली. बापाच्या पाठीवरून मान मागं वळवून ती फाटकापर्यंत पाण्याकडं बघत होती.

अशा जागेसाठी मी तलाव समितीच्या मागं किती वर्षं लागले होते! आईबरोबर येणारा नऊ-दहा वर्षांचा मुलगा महिलांच्या बाजूला चालत नाही आणि पुरुषांच्या बाजूला एकटा जायला घाबरतो. नातीला घेऊन आलेले आजोबा तिला टॉवेलात गुंडाळून तशीच ओली घरी नेतात. मी सांगायची, समितीचे लोक मान डोलवायचे. “बघू मॅडम, तुमचं म्हणणं बरोबर आहे.” माझं म्हणणं कायम बरोबरच असायचं. त्यापुढं काही व्हायचं नाही.

दुसऱ्या दिवशी गुलाबभाऊ पाठीवर पोरगी आणि काखेत मंडपाचं कापड घेऊन आले. लाल-पिवळं, कडेला सोनेरी झालर. वर बघितलं, पंपाच्या खोलीच्या भिंतीला थाप मारली, “पक्की शे” म्हणाले आणि “आठे बस, इथं,” म्हणत तिथल्या कोपऱ्यात स्टूल ठेवून वैशूला त्याच्यावर बसवलं. कापडाचं एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं माझ्यासमोर केलं.

“ताई, हाई टोक जरासं धरा ना. कपडा धराले दोन जन लागतस.”

मी शिकवायला आले होते, कापड धरायला नाही. पण वैशू स्टुलावरून माझ्याकडं बघत होती. मी धरलं. गुलाबभाऊंनी तिच्याकडं पाठ केली, मीही केली. दोघांच्या मध्ये झालरीचं कापड ताणलेलं. कमलबाईंना तेवढंच हवं होतं. त्या दारातून ओरडल्या, “अगं बाई, आंतरपाट धरलाय जणू! म्हणू का मंगलाष्टकं?”

माझे कान तापले. गुलाबभाऊ शांतपणे म्हणाले, “म्हना ना, कमलबाई. फक्त आपला कपडा शेवटले खाली पडाव नही.”

आतून वैशूनं हाक मारली, “पप्पा?”

“शे.”

ते परत लग्नाची गोष्ट सांगायला लागले. थोड्या वेळानं पुन्हा आतून, “पप्पा?” पुन्हा हे, “शे.” गोष्ट पुढं चालू. असं कपडे बदलून होईपर्यंत चालायचं. पुढं सगळा उन्हाळा चाललं. तिला काही लागायचं नाही, काही विचारायचं नसायचं. ती नुसती हाक मारायची आणि हे नुसतं ‘शे’ म्हणायचे. पहिला आठवडाभर मी दुसऱ्या टोकाला उभी राहून ऐकायची. माझ्या हाताला रग लागायची आणि डोक्यात एकच यायचं, की हिला किती सहज मिळालंय हे.

आठवडाभरात त्या कोपऱ्यात चार बांबू उभे राहिले. वर छत, तिन्ही बाजूंनी कापड, पुढं सरकता पडदा. तलावाच्या काठावर चक्क लग्नाचा मंडप. आमचे व्यवस्थापक धावत आले, त्यांच्या हातावर बडीशेप पडली, आणि ती चावून होईपर्यंत शेवटची गाठ बसली होती. मग टॉवेलातली नात घेऊन आजोबा आले. दहा वर्षांच्या मुलाची आई आली. यावलहून सुट्टीला आलेली एक आजी नातवाला घेऊन आली आणि मंडप बघून विचारती झाली, “लगन कोनाचं आहे?” गुलाबभाऊ प्रत्येकाच्या वेळी पडद्याबाहेर पाठ करून उभे राहायचे. आतून कुठलंही पोर घाबरून काही म्हणालं की हे ‘शे, शे’ करायचे. पोरांना तो खेळच झाला. आत जायचं आणि उगाच हाक मारायची, “काका?”

माझी मुलं, म्हणजे माझ्या बॅचची, माझ्या शिट्टीवर पाण्यातून बाहेर यायला कुरकूर करायची. आता शिट्टीच्या आधीच बाहेर पडायला लागली. मंडपाला नंबर लावायचा होता आणि घोड्यावरून पडलेल्या नवरदेवाचं पुढं काय झालं ते ऐकायचं होतं. मी पाण्यात एकटी. कुणीतरी मोबाइलवर मंडपाचा फोटो काढून सगळीकडं पाठवला, आणि जी समिती मला ‘बघू’ म्हणायची ती खरोखर बघायला आली. अध्यक्षांनी गुलाबभाऊंच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, “काय कल्पना काढली हो तुम्ही!” मी शेजारीच उभी होते. कल्पना तीच होती. माझ्याकडं फक्त झालर नव्हती.

पण हे सगळं वरवरचं. खरा हेवा मला पाण्यात वाटला.

वैशूला पाण्यात उतरवायचे गुलाबभाऊ, पण काठापर्यंतच. त्यांना स्वतःला पोहायला येत नव्हतं. पाण्याला ते भयंकर भ्यायचे. पहिल्या पायरीवर गुडघाभर पाण्यात उभं राहून पोरीला माझ्या हातात द्यायचे आणि झटकन वर जाऊन काठावर बसायचे. पुढचं काम माझं. मी तिच्या पाठीखाली हात धरायची. ती लाकडासारखी ताठ. मान वर, मुठी आवळलेल्या, डोळे बापावर. दिवसेंदिवस मी तिच्या कानाशी बोलत होते, श्वास घे, सोड, मान पाण्यावर ठेव, मी आहे. ‘मी आहे’ हे मीही म्हणत होते. पण माझं ‘मी आहे’ तिला पुरत नव्हतं.

एका संध्याकाळी गुलाबभाऊ काठावर बसून एका म्हातारीची गोष्ट सांगत होते. म्हातारी एका लग्नात चुकून दुसऱ्याच मंडपात जेवून, आहेर देऊन, नवरीला रडून निरोप देऊन आली होती. आणि घरी येऊन सांगत होती, “पोरगी आते वळखू येत नही व, किती बदली गयी!” वैशू हसली. अशी हसली की सगळं अंग ढिलं पडलं, मान पाण्यावर टेकली. मी हळूच हात काढून घेतले. ती तरंगत राहिली. तिचे पाय, ज्यांना जमिनीवर काही जमत नव्हतं, ते पाण्यात आपोआप वर आले आणि हलले.

“पप्पा! देखा! देखा ना!”

गुलाबभाऊ काठावर उभे राहून लहान मुलासारखे रडायला लागले. सगळे काठावर गोळा झाले. बाहेर आल्यावर वैशू प्रत्येकाला सांगत होती, “पप्पांनी तरंगवलं मला.” मी गळ्यापर्यंत पाण्यात उभी होते. माझे हात अजून तसेच पुढं पसरलेले होते.

मला रडू आलं नाही, राग आला. आणि मग आठवली ती विहीर.

आमचं गाव यावलकडं, केळीच्या बागांत. मळ्यात मोठी बांधीव विहीर. माझे बाबा गावातले पट्टीचे पोहणारे. दादाला त्यांनी पाठीवर पत्र्याचा डबा बांधून विहिरीत शिकवलं, आणि मी वरच्या पायरीवर दोघांचे कपडे मांडीवर घेऊन बसायची. एकदा म्हटलं, मलाही शिकवा. बाबा वाईट नव्हते. ते हसून म्हणाले, “तू कपडे कुठी बदलशीन, बाई?” मी मांडीवरच्या कपड्यांची नीट घडी घातली. मी पोहायला शिकले ते पुढं कॉलेजात, नाशिकला, चिडून. बाबांच्या हातावर मी कधीच तरंगले नाही. आणि इथं एक माणूस, ज्याला पाण्यात पाय टाकायची भीती, तो नुसता काठावर बसून आपल्या मुलीला तरंगवत होता. हेवा वाटू नये तर काय वाटावं?

उन्हाळ्याच्या मध्यावरच समितीनं पक्की खोली बांधायला घेतली आणि मे संपता संपता ती तयार झाली. ‘कुटुंबांसाठी कपडे बदलण्याची खोली’, आत ओटा, भिंतीला धरायला दांडे, खाली न घसरणारी फरशी. सगळं नीट. त्या भागाला पत्रे लावून ठेवले होते, त्यामुळं आत काय चाललंय ते आम्हाला दिसायचं नाही. उद्घाटनाचा मंडप अर्थातच गुलाबभाऊंचा. कोपऱ्यातले बांबू त्यांनी उपटले आणि तेच लाल-पिवळं कापड पाहुण्यांच्या खुर्च्यांवर ताणलं. सकाळपासून घाम पुसत गाठी मारत होते. वैशूला नवा पोशाख आणला होता. पहिली ती जाणार, असं ठरलं होतं.

नारळ फुटला, फीत कापली, टाळ्या झाल्या. पत्रे काढले. गुलाबभाऊ पोरीला पाठीवर घेऊन खोलीकडं निघाले. एका बाजूनं गेले, भिंत. वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले, भिंत. आम्ही सगळे बघत होतो. ते परत समोर आले, भिंतीला थाप मारली.

“पक्की शे,” ते म्हणाले. “पन दार कोठे शे?”

बांधकाम बघणारे साहेब हसत म्हणाले, “आतून आहे ना. महिलांच्या बाजूनं घेतलंय दार. लेकरांचं सगळं बायकाच बघतात, म्हणून तिकडून सोयीचं.”

कमलबाईंनी पदर तोंडाला लावला. वैशू बापाच्या पाठीवर होती. तिनं दोन्ही दारांकडं बघितलं, मग मान त्याच्या खांद्यावर ठेवली. पहिल्या दिवशीसारखीच ती परत जाणार, हे तिला आमच्या सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

माझ्या डोक्यात भाषण तयार होतं. वर्षानुवर्षांचं साठलेलं. मी शिट्टी तोंडापर्यंत नेली. पण गुलाबभाऊंनी वैशूला अलगद एका खुर्चीवर बसवलं आणि खिशात हात घातला. मला वाटलं, आता बडीशेप निघणार. निघाली नाही. मी त्यांना बडीशेपेशिवाय वाद घालताना कधी बघितलं नव्हतं. त्यांनी वादही घातला नाही. सरळ मंडपाच्या पहिल्या बांबूपाशी गेले आणि गाठ सोडली.

“अहो, काय करताय?” अध्यक्ष म्हणाले. त्यांच्या गळ्यात हार होता.

“कपडा लागस, साहेब. पोरले कपडा बदलना शेतस.”

दुसरी गाठ सुटली. तिसरी. कापड एका बाजूनं खाली आलं आणि मे महिन्याचं जळगावचं ऊन पाहुण्यांच्या टकलावर पडलं. हार घातलेली माणसं रुमाल डोक्यावर घेऊन इकडंतिकडं बघायला लागली. गुलाबभाऊंनी कापड खांद्यावर घेतलं, वैशूला उचललं, तिला पंपाच्या खोलीलगतच्या जुन्या कोपऱ्यात स्टुलावर बसवलं. मग माझ्याकडं बघितलं. मी जाऊन माझं टोक धरलं.

सगळी उद्घाटनाची मंडळी उन्हात उभी, आणि मध्ये आम्ही दोघं लाल-पिवळं कापड ताणून, पाठमोरे. आतून आवाज आला, “पप्पा?”

“शे.”

एरवी गोष्ट चालू असायची. त्या दिवशी नव्हती. नुसती हाक आणि नुसतं ‘शे’, आणि ऐकणाऱ्यांना दुसरीकडं बघायला जागा नव्हती. पाहुण्यांपैकी एक जण साहेबांना म्हणाले, “अहो, दार बाहेरून काढा की.” इतकं सोपं होतं ते. पावसाच्या आत भिंत फोडून दार तलावाच्या बाजूला काढलं, आणि आतलं दार विटांनी बुजवलं. इतकी वर्षं बोलून जे मला जमलं नव्हतं ते या माणसानं चार गाठी सोडून केलं. मी त्यांचं अभिनंदन केलं. मनापासून केलं का, ते विचारू नका.

त्या दोघांना मी शेवटचं बघितलं ते त्यापुढच्या उन्हाळ्यात. नंतर वैशू शिकायला धुळ्याला मावशीकडं गेली आणि तिथल्या तलावावर जायला लागली, त्यामुळं इकडं येणं थांबलं. त्या उन्हाळ्यात ती वर्षभरात वाढली होती. आता पाठीवर नाही, चाकाच्या खुर्चीत आली, खुर्ची स्वतः ढकलत. पोहून झालं. गुलाबभाऊ सवयीनं पुढं झाले तर म्हणाली, “राहू द्या पप्पा, मी जाते.” नव्या दारातून ती खुर्चीसकट आत गेली. आत दांडे होते, ओटा बेताच्या उंचीचा होता. दार लागलं. कडी लागल्याचा आवाज आला.

गुलाबभाऊ बाहेर. खांद्यावर ते लाल-पिवळं कापड, झालर एका ठिकाणी उसवलेली. कशाला आणलं होतं कुणास ठाऊक. त्यांनी दारावर तळहातानं थाप मारली, पण ‘पक्कं शे’ म्हणाले नाहीत. माझ्याकडं बघून हसल्यासारखं केलं.

“ताई, आते मनं काय काम?”

त्यांचं आता काय काम, यावर मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, “कापड द्या ना आम्हाला. आठवण म्हणून ठेवू तलावावर.”

“नही हो,” ते लगेच म्हणाले, “लगीनसराई शे. कपडा लागी.”

हा माणूस काही म्हणता काही सोडणारा नव्हता. मी बॅचकडं वळले. मुलं पाण्यात वाट बघत होती. शिट्टी वाजवण्याआधी मी एकदा मागं बघितलं. दार लाकडी, जाड, आतून कडी घातलेलं. समोर कुणी नाही, बघण्यासारखं काही नाही. तरी गुलाबभाऊ दाराकडं पाठ करून उभे राहिले होते. जसे कापड धरून उभे राहायचे तसेच.

आणि मला विहिरीची एक गोष्ट आठवली जी तोवर कधी आठवली नव्हती. मी कपडे मांडीवर घेऊन बसायची त्या पायरीच्या वरच, दोन झाडांना बांधलेल्या दोरीवर, आईचं नऊवारी लुगडं वाळत असायचं. वाऱ्यानं त्याचा काठ कधी कधी माझ्या डोक्याला लागायचा. बाबांनी मला विचारलं होतं, कपडे कुठी बदलशीन, तेव्हाही ते तिथंच होतं. ते धरायला दोन माणसं हवी होती, आणि दोन माणसं विहिरीत पोहत होती.

आत वैशू बराच वेळ लावत होती. आता तिला काही मदत नको होती, भीती नव्हती, कडी होती. हाक मारायचं कारणच उरलं नव्हतं. गुलाबभाऊ वाट बघत होते, मी शिट्टी तोंडाशी धरून वाट बघत होते.

“पप्पा?”

“शे व माय,” ते म्हणाले. “आठेच शे.”

मी शिट्टी वाजवली, जरा जास्तच जोरात.